पडद्यापलीकडची अंबू

मुरुम,
दि. ६ जानेवारी २०२५

ती. सौ. शरणम्मा अक्कास,
शिवानंदचा शि. सा. न. वि. वि.

इकडं सगळे खुशाल. येळवशीच्या अमावास्येला शेतात जेवताना तुझी फार आठवण निघाली. यंदा पालेभाज्या-शेंगांची भज्जी जमली नाही हे तुझ्या भावजयीनं स्वतःच कबूल केलं, म्हणजे काय ते समज. तुझ्या कानाचं यंत्र दुरुस्त होऊन आलं का? आलं तरी मी फोन करणार नाही. मागच्या खेपेला मी दाजींचा गुडघा कसा आहे विचारलं, तर तू सांगितलंस की यंदा तूर चांगली उतरली. त्यापेक्षा पत्र बरं. गल्लीला तरी ऐकू जात नाही.

आता खरी बातमी. आडत पोराच्या हाती दिल्यापासून माझे रविवार रिकामे झाले होते. म्हणून आम्ही जुन्या पिक्चरचं मंडळ काढलंय. शाळेत माझ्या बाकावर बसणारा महांतप्पा तुला आठवत असेल. त्याच्या डाळ मिलच्या गोदामात दुपारी खिडक्यांना पोती लावतो, मधोमध दोरीवर दोन जुनी धोतरं जोडून केलेला पडदा टांगतो आणि त्याच्या नातवानं आणून दिलेल्या मशीनवर पिक्चर लावतो. सरकारी दवाखान्यातनं रिटायर झालेल्या नागम्मा सिस्टर येतात. आणखी चारपाच टाळकी आहेत. पिक्चर संपला की प्रत्येकानं एक तरी गोष्ट सांगायची, जी तरुणपणी बघताना ध्यानात आली नव्हती. आणि आता असे पिक्चर निघत नाहीत असं जो म्हणेल, त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. पहिले दोन रविवार मीच पाजला.

तर अक्का, तू लहानपणी एका अंबूचा पिक्चर सारखा सांगायचीस. जत्रेतल्या तंबूत बघितलेला. मी अप्पांबरोबर गड्यांच्या बाजूला होतो, पण त्यांच्या मांडीवर झोपलो, त्यामुळं मला काहीच आठवत नाही. त्या पिक्चरचं नाव काय होतं? मंडळाला शोध लावायचाय.

दाजींना शरणु सांग. तुझी माया आहेच, पत्रानं ती पोचती कर.

तुझा,
शिवानंद

*

कळंब,
दि. १५ जानेवारी २०२५

चि. शिवानंद यास,
अक्काचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र संक्रांतीच्या दिवशीच आलं. यंत्र दुरुस्त झालं, पण ते लावलं की पंखाच जास्त ऐकू येतो, म्हणून काढून डबीत ठेवलंय. दाजींचा गुडघा बरा आहे आणि तूरही खरंच चांगली उतरली.

पिक्चरचं नाव मला माहीत नाही रे. माहीत असायचं कसं? पडदा तंबूच्या मधोमध. त्या अंगाला गडीमाणसं, ह्या अंगाला आम्ही बायका. आम्हाला नावं सगळी उलटी दिसायची. मी शाळेत नव्यानं वाचायला शिकले होते, तरी त्या उलट्या अक्षरांपुढं हात टेकले. आपली अव्वा म्हणायची की नावं गड्यांसाठी असतात, आपल्याला गोष्ट पुरे.

पण गोष्ट मला अजून लख्ख दिसते. अंबू वेशीजवळ राहते. तिची एक शेळी आहे, गळ्यात घंटा असलेली, ती चावडीत शिरून पाटलाचा कागद खाते. पाटलाचा पोरगा अंबूच्या अंगचटीला येतो, आणि अंबू त्याला डाव्या हातानं अशी चपराक देते की त्याचा फेटा लांब जाऊन पडतो. मग ती खाली बसते आणि त्याच डाव्या हातानं शांतपणे भाकरी खाते. कुणी तिला काही बोलत नाही. शिवा, तुला ठाऊक आहे माझा हात कसला आहे ते. अव्वा जेवताना माझा डावा हात पदरानं बांधायची. त्या अंबूला बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून मी डाव्या हातानं जेवायला लागले, ती आजपर्यंत. सगळ्या घरात एक मीच खोटी आहे असं वाटायचं, ते त्या तंबूत गेलं.

हे सगळं आज लिहायला एक कारण आहे. आमच्या नंदीशची निकिता माझ्यावर गेलीय. डावखुरी. आणि आमच्या सूनबाईंनी, म्हणजे शिवरंजनीनं, तिच्या डाव्या मनगटाला लाल फीत बांधलीय. कशासाठी, तर हात पुढं केला की आठवण व्हावी म्हणून. शिवरंजनी वाईट नाही. एका वास्तुशांतीच्या पंगतीत कुणीतरी निकिताच्या ताटापुढनं हसत उठून गेलं, ते तिला लागलंय. पण पोरगी हल्ली हात मांडीखाली घालून बसते, ते मला बघवत नाही.

तुझ्या मंडळाला सांग, शोधा. सगळ्यांना माझा आशीर्वाद, चहा पाजणाऱ्याला जास्त.

तुझी,
अक्का

*

मुरुम,
दि. २८ जानेवारी २०२५

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

मंडळात तुझं पत्र वाचून दाखवलं. महांतप्पा म्हणाला की डावखुरी हिरॉईन असलेला जुना मराठी पिक्चर जगात न्हाय, आणि असला तर आपण आपली मिशी उतरवू. नागम्मा सिस्टर म्हणाल्या की मिशी उतरली तरी कुणाच्या ध्यानात येणार नाही, इतकी ती विरळ आहे. त्यावर बराच वेळ गेला.

खूप शोध घेतला. जुन्या पिक्चरचा नाद असलेल्या लोकांना आम्ही विचारत सुटलो, तुमच्या आठवणीत डाव्या हातानं चपराक देणारी कुणी आहे का. सगळ्यांनी नाही म्हणून कळवलं. मला तर शंका यायला लागली की तू अर्धा पिक्चर तंबूत बघितलास आणि अर्धा गोधडीत. मग सिस्टरांनी डोकं चालवलं. त्या म्हणाल्या, हात सोडा, शेळी धरा. म्हणून घंटेची शेळी आणि चावडीतला कागद एवढंच विचारलं, आणि सोलापूरच्या एका गृहस्थांनी लगेच ओळखला! पिक्चरचं नाव 'वेशीवरली अंबू'. त्यांच्याकडं तो आहे आणि ते पाठवतायत. येत्या रविवारी बघू. तुझी शेळी तरी खरी निघाली, म्हणजे बाकीचंही खरं असणार.

निकिताला माझ्याकडनं गोड पापा. घाईत लिहिलंय, राग नसावा, माया असावी.

शिवानंद

*

कळंब,
दि. ४ फेब्रुवारी २०२५

चि. शिवानंद यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी एकटीच हसत बसले. दाजींना वाटलं काही झालं. शेळी खरी निघाली म्हणतोस! अरे, मला त्या घंटेचा आवाजसुद्धा आठवतो, आणि हल्ली मला दारावरची बेल ऐकू येत नाही.

आता नीट वाच. मी शिवरंजनीला अंबूचं सगळं सांगितलं. ती हसली. म्हणाली, आई, पिक्चरमधली बाई इतकी डावखुरी असती तर कुणीतरी सांगितलं असतं. मी म्हणाले, तुला दाखवते. तिनं शब्द दिलाय. सगळ्या लोकांदेखत अंबू डाव्या हातानं भाकरी खाताना दिसली, तर ती आपल्या हातानं निकिताची फीत सोडणार. नाही दिसली तर मी पुन्हा तो विषय काढायचा नाही. मी कबूल झाले. मी कशाला घाबरू? डोळ्यांनी बघितलंय.

तर आम्ही तिघी मार्चमध्ये येतो. नंदीश गाडीनं आणून सोडेल. रविवारी तुम्ही पिक्चर बघितलाच असेल, तर अंबू कशी वाटली ते सविस्तर लिही. ती माझ्या आठवणीइतकीच उंच आहे का? तिच्या नाकात चमकी होती की नथ? मला ह्यावर झोप येत नाही. म्हातारपणी असली उत्सुकता बरी नव्हे म्हणतात, म्हणू देत.

भावजयीला आणि लेकरांना आशीर्वाद. उत्तराला उशीर केलास तर कान तिथं येऊन धरीन.

अक्का

*

मुरुम,
दि. १२ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पिक्चर बघितला. चांगला आहे. नाकात चमकी आहे. उंची बेताची.

इकडं आता ऊन वाढायला लागलंय. कळंबहून मुरुमला यायचं म्हणजे तुमची दगदग होणार, आणि गोदामात डाळीची धूळ फार, निकिताला खोकला होईल. शिवाय पिक्चर जुना असल्यामुळं आवाज अगदीच खराब आहे, खरखर येते, अर्धं बोलणं कळत नाही. एवढ्या लांबून येऊन तुझा विरस व्हायला नको. मी असं सुचवतो की या सुट्टीत मीच कळंबला येतो, आपण दुसराच एखादा पिक्चर बघू.

दाजींच्या गुडघ्याला निर्गुडीचा पाला शेकायला सांग. आठवण ठेवावी, एवढंच मागणं.

शिवानंद

*

कळंब,
दि. १८ फेब्रुवारी २०२५

चि. शिवानंद यास,
आशीर्वाद.

मला ऐकू येत नाही, आणि तू मला सांगतोस की आवाज खराब आहे.

लहानपणी तू खोटं बोललास की तुझी वाक्यं तोकडी व्हायची. पत्रातही होतात हे मला आज कळलं. एवढा शोध लावलात, आणि पिक्चरवर फक्त चार शब्द? मंडळाच्या नियमाप्रमाणं प्रत्येकानं एक गोष्ट सांगायची असते ना? मग तुझी गोष्ट सांग. महांतप्पाची मिशी आहे का गेली, तेही सांग.

काय असेल ते लिही. मी काचेची नाही.

अक्का

*

मुरुम,
दि. २४ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

महांतप्पाची मिशी आहे.

अक्का, अंबू उजव्या हाताची आहे. चपराक उजव्या हातानं मारते, भाकरीही उजव्याच हातानं खाते. मी तो प्रसंग पुन्हा पुन्हा लावून बघितला. तुला कसं सांगावं कळेना, म्हणून ते डाळीच्या धुळीचं आणि खरखरीचं काढलं. तू एका वाक्यात उडवलंस ते बरं झालं. रात्रंदिवस तेच डोक्यात होतं.

पण तू खोटं सांगितलं नाहीस, हे पहिल्यांदा सांगतो. त्या रविवारी नागम्मा सिस्टर उशिरा आल्या. पुढं जागा नव्हती, म्हणून पडद्याच्या मागं, खिडकीजवळ खुर्ची टाकून बसल्या. पिक्चर संपल्यावर बोलायची पाळी आली, तर त्या म्हणाल्या की शिवानंदरावांच्या अक्का बरोबर आहेत, अंबू डावखुरीच आहे. आम्ही सगळे त्यांच्यावर तुटून पडलो. त्या जागच्या हलेनात. शेवटी मी उठून पडद्यामागं गेलो आणि महांतप्पानं पुन्हा लावलं. मागनं अंबू डाव्या हातानं मारते. पाटलाच्या पोराच्या उजव्या गालावरचा तीळ डाव्या गालावर जातो. तुझं पत्र आठवलं. बायकांच्या बाजूनं अक्षरं उलटी दिसायची, हे तूच लिहिलं होतंस. अक्षरं उलटी म्हणजे हातही उलटा. इतकी वर्षं हे तुझ्या, माझ्या, कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

महांतप्पाचं म्हणणं असं, की आपण गप बसायचं, तुम्हा तिघींना पडद्यामागं बसवायचं, फीत सुटेल आणि सगळे खूश. नागम्मा सिस्टरांना हे पटत नाही. मला काय वाटतं ते मला कळत नाही. म्हणून तुला सांगितलं. आता तू ठरव.

आणि एक. तू लिहितेस की अंबूमुळं तू डाव्या हातानं जेवायला लागलीस. मी पिक्चरमध्ये झोपलो होतो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जागा होतो. अप्पा लिंगपूजेला बसले होते. तू डाव्या हातानं घास घेतलास, अव्वा पदर घेऊन धावली. तेव्हा तू अप्पांना विचारलंस की तुम्ही लिंग कुठल्या हातावर घेता. अप्पांच्या डाव्या तळव्यावर लिंग होतं. ते बराच वेळ हाताकडं बघत राहिले. मग अव्वाला म्हणाले, जेवू दे तिला. तू अंबूचं नावसुद्धा काढलं नव्हतंस, अक्का. मी तिथंच प्रसादाची वाट बघत बसलो होतो.

रागावलीस तरी चालेल, पण माया कमी करू नकोस.

तुझा,
शिवा

*

कळंब,
दि. ३ मार्च २०२५

चि. शिवानंद यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. लिहायला उशीर झाला, कारण दोनदा लिहायला बसले आणि उठले. रडले, हे तुला सांगायला लाजत नाही. एवढ्या वर्षांची सोबतीण होती ती.

अप्पांचं मला काही आठवत नाही. तू सांगतोस म्हणजे असेल.

सोळा तारखेच्या रविवारी येतो. पडदा मधोमध बांध आणि दोन्ही अंगाला खुर्च्या मांड. मी पहिल्यांदा माझ्याच अंगाला बसणार. पुढचं पुढं.

अक्का

*

कळंब,
दि. २० मार्च २०२५

चि. शिवानंद यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. भावजयीच्या शेंगाचटणीला इकडं मागणी आलीय. निकिता नागम्मा सिस्टरांची आठवण काढते, त्यांनी तिला नाडी बघायला शिकवलं म्हणून. ती आता दिवसातनं अनेकदा आजोबांचा हात धरून बसते. गोदामात गर्दीत आपलं बोलणं झालं नाही, आणि मी यंत्र घरीच विसरले होते, म्हणून सगळं लिहिते.

पडद्यामागं मी, शिवरंजनी आणि मध्ये निकिता. पहिली नावं आली तेव्हा मी निकिताला वाचायला सांगितलं. ती मान वाकडी करून हसायला लागली. शिवरंजनी तेव्हा फोनवर नंदीशशी बोलत होती, तिचं लक्ष नव्हतं. मग अंबू आली. शिवा, माझी अंबू जशीच्या तशी! चमकी, शेळी, सगळं. चपराक बसली ती डाव्या हातानं. अंबूनं भाकरी मोडली, डाव्या हातानं. निकिता खुर्चीवरनं उभीच राहिली आणि स्वतःचा हात मांडीखालनं काढून बघायला लागली. शिवरंजनीनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती खाली वाकून फितीची गाठ सोडायला लागली.

महांतप्पा पलीकडनं डोकावून मला मानेनं खुणावत होता, गप बसा, गप बसा. खरं सांगते, मला बसायचंच होतं गप. गाठ अर्धी सुटली होती. पण पोरगी त्या बाईकडं जशी बघत होती, तसंच मीही बघितलं होतं. तिलाही एक दिवस कुणीतरी पत्र लिहून सांगणार की तुझी अंबू उलटी होती. मी शिवरंजनीचा हात धरला आणि दोघींना पडद्याच्या तुमच्या अंगाला घेऊन आले. पुढं काय झालं ते तू बघितलंस. महांतप्पानं तोंड वाकडं करत तोच प्रसंग परत लावला, आणि अंबू उजव्या हातानं जेवली. तिचा पदरही खांदा बदलून गेला होता. तो आमच्या अंगाला उजव्या खांद्यावर होता, तरी मला कधी दिसला नाही. हात तेवढा दिसला. हवं होतं तेच बघितलं मी, दुसरं काय.

शिवरंजनीनं गाठ परत आवळली. शब्द माझाच होता, मी काय बोलणार? गाडीत निकिता माझ्या कानाशी मोठ्यानं विचारत होती, म्हणजे मागं बसलं की मी उजवी होते का? नंदीशला हसू आलं, आम्हाला आलं नाही.

सोमवारी सकाळी शिवरंजनी लिंगपूजेला बसली. मी आत भाकरी थापत होते. निकिता तिच्यासमोर जाऊन बसली, प्रसादासाठी. मला ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे. मी दारातनं फक्त बघितलं. निकितानं आईच्या लिंग धरलेल्या डाव्या तळव्याकडं बोट केलं आणि काहीतरी विचारलं. मी तिला काही शिकवलेलं नाही, शिवा. तुझं पत्र मी घरात कुणालाही दाखवलेलं नाही, ते माझ्या ट्रंकेत आहे. शिवरंजनी हाताकडं बघत राहिली. तव्यावर माझी भाकरी करपली तरी ती बघतच होती. तेव्हा मला अप्पा आठवले. तू लिहिलंस म्हणून नाही, खरेच आठवले. त्यांचा तळवा, त्यावरची भस्माची रेघ, आणि मी भिऊन घास तसाच हातात धरून बसलेली.

पूजा झाल्यावर शिवरंजनीनं निकिताला मांडीवर घेतलं, मनगटाची फीत सोडली आणि तीच तिच्या वेणीला बांधली. माझ्याकडं बघितलं नाही. मग म्हणाली असावी की आई, भाकरी जळतेय, कारण नंतर तव्याकडं बोट केलं.

निकिता डाव्या हातानं पोटभर जेवली. शाळेत जायच्या आधी आरशासमोर उभी राहून बराच वेळ फीत बघत होती. मग मला ओढत तिथं घेऊन गेली आणि माझ्या कानात ओरडली की आजी, आरशातली निकिता उजव्या हाताची आहे, तिला सांगू नकोस.

मंडळाला सगळं सांग. महांतप्पाला म्हणावं, मिशी राहू दे. दाजींचा गुडघा मजेत आहे. पुढच्या खेपेला दोन्ही अंगाला खुर्च्या मांडून ठेव, आणि मनात जागा ठेवतोस तशी ठेव.

तुझी,
अक्का